चार भिंगं आणि कोरगावचा डिंक

आमच्या घरात दोन वंशावळी तोंडपाठ होत्या. एक आमची, ती आईला येत असे. आणि तिच्यात कोण कुणाचा कोण असं कुणी विचारलंच, तर भात करपायचा. दुसरी कॅमेऱ्याच्या भिंगांची, ती आप्पांना येत असे. माझे वडील फोटोग्राफर होते. डिचोलीच्या बाजारात आमचं घर, पुढची खोली स्टुडिओ, मागे काळोखाची न्हाणीएवढी खोली, आणि त्याच्या मागे स्वयंपाकघर. त्यामुळे आमच्या जेवणाला फोटो धुवायच्या हायपोचा थोडासा वास असायचा आणि फोटोंना सुक्या बांगड्याच्या किसमुरीचा. सकाळी पोदेर सायकलचा भोंगा वाजवत पाव घेऊन आला की आप्पा उंडे मोडता मोडता सुरू व्हायचे. मी एकुलती एक, समोर बसलेली, पळून जाणार कुठे?

तर आप्पांच्या मते भिंगांचा मूळपुरुष एका काचेचा. आत वळलेली एकच काच आणि पुढे एवढंसं भोक. उजेड इतका थोडा आत जायचा की फोटो काढून घेणाऱ्याला उन्हात दगडासारखं बसावं लागे. "म्हणून त्या काळचे सगळे रागावलेले दिसतत," आप्पा सांगायचे, "राजा असो की रांधपी." मग व्हिएन्नात एक गणिती झाला. माणसाच्या चेहऱ्यासाठी खास भिंग बांधायचं त्याने मनावर घेतलं आणि आकडेमोडीला चक्क तोफखान्यातले शिपाई मागून घेतले, कारण गोळा कुठे पडेल याचा हिशोब रोज करणारी माणसं आकड्यांत चुकत नाहीत. त्यांच्या चार काचांच्या भिंगात चेहरा झकास यायचा, कडेचं जग मात्र गरगरायचं. पुढे कुणी सहा काचा घातल्या, कुणी आठ, आणि शेवटी इंग्लंडात दुर्बिणी करणाऱ्या कारखान्यातल्या एका माणसाने सगळं मोडून तीनच काचांत काम भागवलं. दोन फुगीर, मध्ये एक खोलगट, तिघी सुट्या. "तिघी जावा एका घरात आणि भांडण नाय?" आई चुलीजवळून विचारायची. "मधली खोलगट ना, ती सगळ्यांचं ऐकून घेता," आप्पा म्हणायचे. आणि त्यानंतर जर्मनीत एकाने शेवटच्या काचेच्या जागी दोन काचा एकमेकींना चिकटवून बसवल्या. तीन जागा, चार काचा. घराणं तिथे कळसाला पोचलं, असं आप्पांचं म्हणणं. कारण उघड होतं, आमच्याकडे तेच होतं.

ते भिंग आप्पांनी लग्नाआधी घेतलेलं. लाकडी कॅमेऱ्याच्या नाकावर ते बसायचं आणि रात्री उतरून आईच्या शालूच्या चिंधीत जायचं. (शालू फाटला म्हणून चिंधी झाली की चिंधीसाठी शालू फाडला, यावर आमच्याकडे मरेपर्यंत एकमत झालं नाही.) मला ते पुसायची परवानगी बाराव्या वर्षी मिळाली, डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हात घालायची चौदाव्या. फोटो काढायची मात्र नव्हती. सतरा वर्षांची झाले तरी माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाची हनुवटी वर करणं आणि पदर सारखा करणं. मी रुसायची, आप्पा म्हणायचे, "घाई कित्याक गो? कॅमेरो खंय पळता?"

त्या उन्हाळ्यात भिंगाला रोग लागला. मागच्या चिकटवलेल्या जोडीच्या कडेला आधी नखाएवढं इंद्रधनुष्य दिसलं. मला वाटलं, काय सुंदर! आप्पांचं तोंड उतरलं. दोन काचांमधला लेप सुटत चालला होता, आमच्या दमट हवेने आणि वयाने. महिन्याभरात इंद्रधनुष्य पसरत निम्म्या काचेवर आलं. आप्पांकडे पोर्तुगीज भाषेतलं फोटोग्राफीचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते काढून त्यांनी मला वाचून दाखवलं की हा लेप म्हणजे कॅनडातल्या एका झाडाचा चीक. वाळला तरी काचेसारखा पारदर्शक राहतो. "हो चीक मुंबईक मिळतलो, पण कोण आणतलो, कोण लायतलो," असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. माझ्या डोक्यात मात्र पुस्तक उघडंच राहिलं. झाडाचा चीक! अरे, झाडं काय कॅनडातच उगवतात?

माझे मामा पेडण्याकडच्या कोरगावात. त्यांचा काजूचा बाग होता आणि मी दर उन्हाळ्यात आठ दिवस तिथे असायची. काजूच्या बोंडूंचा आंबूस वास, कोलमीच्या कुंडात पायाने तुडवून काढलेला त्यांचा रस, म्हणजे निरो, तो प्यायला की घशाला बसणारी मिठी, मामीच्या हातची पेज आणि कैरीच्या तोरांचं लोणचं. त्या वर्षी मी बोंडू सोडून झाडांची खोडं धुंडाळत हिंडले. काजूच्या सालीवर डिंकाचे खडे येतात, मधाच्या रंगाचे. त्यातले पांढुरके, आरपार दिसणारे मी वेचून घेतले. मामा बघत उभे. "डिंक कित्याक गो? लाडू करतलंस? काजीच्या डिंकाचे लाडू खाल्ल्यान तर तुझो बापूस पानावरून उठतलो काय?" मी म्हटलं, शाळेच्या प्रयोगाला हवाय. मामांना शाळा आणि प्रयोग या दोन्ही गोष्टींचा धाक होता, त्यांनी उलट उंच फांदीवरचा आणखी मूठभर काढून दिला.

परत आले आणि संधी चालून आली. आप्पा-आई पार्श्याला आतेभावाच्या लग्नाला गेले, दुकान सांभाळायला मी. भिंगाची मागची जोडी मी सोडवली, कोमट पाण्यात ठेवली, हळूहळू पाणी तापवलं, आणि काचा अलगद सुटल्या. जुना लेप स्पिरिटने पुसला. डिंक रात्रभर भिजवून तलम फडक्यातून चारदा गाळला होता. एक थेंब मध्यभागी, वर दुसरी काच, अंगठ्याने गोल गोल दाब. थेंब पसरत कडेपर्यंत गेला आणि इंद्रधनुष्य नाहीसं झालं! मी एकटीच खोलीत नाचले. भिंग बसवून काळ्या कापडाखाली डोकं घातलं तर समोरच्या शिंप्याच्या भिंतीवरची पाल तिच्या बोटांसकट दिसली. आता आप्पांना कधी सांगू असं झालं. पण मला नुसती शाबासकी नको होती. एखादं मोठं काम पार पडलं की सांगावं, मग ते म्हणतील, आता तू काढ फोटो. मनात मांडे खायला मला तेव्हा फारच आवडायचं.

आप्पा परत आले, कापडाखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "आज उजेड कितलो बरो पडला गो!" आम्ही लग्नाला गेलो तेवढा भिंगाला आराम मिळाला, म्हणून लेप जरा बसला असेल, असंही काहीतरी म्हणाले. मी गालातल्या गालात हसले.

आज मी कुठल्याही पोराला फळ्यावर लिहून दाखवीन की राळ आणि डिंक या वेगळ्या वस्तू आहेत. कॅनडातला तो चीक म्हणजे राळ, तिला पाणी लागत नाही. डिंक पाण्यावरच जगतो, आणि दोन काचांमध्ये अडकलेलं पाणी बाहेर कुठून पडणार? कडेचा डिंक सुकला, मधला ओलाच राहिला, आणि मेच्या उकाड्यात हळूहळू आंबला. आतल्या आत बारीक बुडबुडे आले, मग दुधासारखं काहीतरी. बाहेरून काच लखलखीत, कारण रोज पुसणारी आणि चिंधीत ठेवणारीही मीच; आप्पांच्या नजरेला मागची जोडी पडलीच नाही.

त्याच सुमारास बावीस बायका आल्या. शिरगावच्या एका खाणीवर काम करणाऱ्या, पलीकडच्या दोडामार्ग बाजूच्या. खाणीवर नवीन नियम झाला होता, फोटोचं कार्ड असेल त्यालाच सोमवारपासून फाटकाच्या आत घेणार. त्यांची पुढारी सुनंदाबाई, काटकुळी, मोठ्या आवाजाची. बहुतेकींचा हा जन्मातला पहिला फोटो. एक म्हणे, माझा डावा डोळा बारीक आहे, उजव्या बाजूने काढा. दुसरी काही केल्या हसायची थांबेना. आप्पांनी सगळ्यांचे फोटो काढले. पण दर वेळी कापडाखालून बाहेर आले की ते डोळे चोळत होते. चार-पाचदा झाल्यावर चष्मा पुसला. मग तर नुसतेच उभे राहिले. मी पुढच्या बाईचा पदर सारखा करत राहिले.

प्रिंट ट्रेमध्ये वर आले. चेहरे होते, पण धुक्यातले. नाकाच्या शेजारी दुसऱ्या नाकाची सावली. आप्पांनी एक प्रिंट हात लांब करून धरला, जवळ आणला, पुन्हा लांब नेला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बरे आले मगो?" आणि मी, अहो, मी म्हटलं, "व्हय." आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन, नवऱ्याशी तर सोयीने रोजच. पण त्या एका 'व्हय'ची मला अजून लाज वाटते.

फोटो खाणीवर गेले आणि तिसऱ्या दिवशी नापास होऊन परत आल्याचा निरोप आला. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आप्पांनी पानातला भात बाजूला सारला आणि अगदी साध्या आवाजात आईला सांगितलं, "माझे डोळे गेले. म्हापशाचो एक जण कॅमेरो विकत मागता, त्याका देऊन टाकतंय." त्यांचे वडील पन्नाशीत आंधळे झाले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांचंही असंच धुक्याने सुरू झालं होतं, हे त्या दिवशी कळलं. आई म्हणाली, भिंगाचं असेल काहीतरी. आप्पा हसले. "भिंग जर्मनीत घडलेला, डोळे डिचोलीत. बिघडतला कोण?" त्यांनी आठवडाभर वर्तमानपत्रही उघडलं नव्हतं. वाचता आलं नाही तर, या भीतीने. आईने न विचारता त्यांच्या पानात आणखी माशाचं हुमण वाढलं आणि ती उठून आत गेली. आणि मी? मी समोर बसून मान खाली घालून जेवत होते. सांगायला तोंड उघडायचे आणि घास घालायचे.

भीती मला माराची नव्हती, आप्पांनी कधी हात उगारला नाही. ते भिंग त्यांचं काय होतं ते मी बघितलं होतं. मला वाटे, सांगितलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसतं चिंधीकडे बघतील, आणि ते मला सहन होणार नाही. म्हणजे बघा, बापाला आंधळं होऊ द्यायला निघाले होते, स्वतःला वाईट वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाणीवरच्या रिकाम्या ट्रकमधून त्या बाविसही जणी उतरल्या आणि आमच्या पायऱ्यांवर बसल्या. सुनंदाबाईने फोटो आप्पांच्या पुढे धरला. "ह्या बघा. सायब म्हणता ह्या तोंड कोणाचा ता कळणा नाय. माकाच कळणा नाय, तर सायबाक काय कळतला? माका दोन नाका कधीपासून झाली?" मागच्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. उद्या सोमवार होता. फाटक बंद म्हणजे काम बंद, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मिळतील तेवढे दिवस त्यांना भरायचे होते. आप्पांनी हात जोडले. "बाय, चूक माझी. माझ्या डोळ्यांक दिसणा नाय. तुम्ही आताच म्हापशाची बस धरा, थंय नवो स्टुडिओ असा." सुनंदाबाईचा आवाज एकदम खाली आला. "खरा काय? कोणाक दाखवलात?" ती आपलं काम विसरून आप्पांच्या डोळ्यांत बघायला लागली. म्हणाली, "माझ्या बापाशीचा पण असाच झाला होता."

तेवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी रडत ओरडले, "आप्पा, डोळे नाहीत! डोळ्यांना काही झालं नाही! मी भिंगाला डिंक लावलाय! काजूचा!"

कुणालाच काही कळलं नाही. मी कॅमेऱ्याचं भिंग ओढून काढलं, मागची जोडी फिरवून सोडवली आणि दारातल्या उन्हात धरली. आतला दुधाळ गढूळपणा आणि बुडबुडे सगळ्यांना दिसले. हुंदके देत सगळं सांगितलं, मामा, फडकं, चारदा गाळणं, शिंप्याची पाल. आप्पांनी काचांची ती जोडी हातात घेतली. एकदा तिच्यातून पाहिलं. एकदा तिच्याशिवाय. "म्हणजे माझे डोळे बरे आसात?" त्यांनी मलाच विचारलं. मग माझ्या उत्तराची वाट न बघता ते धोतर सावरत पायऱ्या उतरून थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि समोरच्या शिंप्याच्या पाटीवरची अक्षरं मोठमोठ्याने वाचू लागले. वरचं मोठं नाव वाचलं, मग खालचं बारीक, 'शर्ट, पँट, ब्लाऊज वेळेवर मिळतील', मग त्याहून बारीक, 'सोमवार बंद'. मातीने भरलेला ट्रक ब्रेक दाबून हॉर्न मारत होता. "रे, थांब मरे!" आप्पा त्याच्यावर खेकसले आणि त्याचा नंबरही वाचून दाखवला. शिंपी दारात आला, त्याला वाटलं कुणीतरी भांडतंय. आई दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती आणि रडत होती.

परत येऊन त्यांनी मला जवळ घेतलं. आणि मग, माझे हुंदके थांबलेले बघून, म्हणाले, "गाढव! काजूचो डिंक! आणि तो लागलो कसो?" यात राग किती आणि कुतूहल किती हे मला आजही ठरवता आलेलं नाही. नशीब एवढंच की डिंक पाण्यात विरघळतो. काचांची जोडी कोमट पाण्याच्या वाडग्यात गेली, संध्याकाळपर्यंत आपोआप सुटली, आणि पावसाळ्यानंतर मुंबईहून खरा चीक आणून आप्पांनी ती माझ्याच हातून चिकटवून घेतली. एखादा बाजारी पक्का गोंद मी वापरला असता तर ते भिंग त्याच दिवशी संपलं होतं.

पण बायका पायऱ्यांवर होत्या आणि भिंग वाडग्यात. आप्पांनी वाडग्यात एकदा डोकावून बघितलं आणि ते कपाटाकडे वळले. "चौथो आजारी, तर तिसऱ्याक बोलवूया." कपाटात भाता फाटलेला एक घडीचा कॅमेरा पडला होता. त्याचं भिंग इंग्रजी घराण्यातलं, तीन सुट्या काचांचं, गरिबातल्या गरिबाच्या कॅमेऱ्यात घालायचे तसलं. त्यात लेपच नाही, तर सुटणार काय आणि आंबणार काय! बिस्किटाच्या डब्याचं झाकण आईने दिलं. त्याला मधोमध भोक पाडून आप्पांनी त्यात ते भिंग बसवलं, आईने झाकण आतून काजळाने काळं केलं आणि ते लाकडी कॅमेऱ्याच्या नाकावर चढलं. मी कापडाखाली गेले तर चारही कोपरे अंधारात, पण मध्ये चेहऱ्यापुरतं चित्र लख्ख. "कार्डाक कोपरे कित्याक व्हयेत?" आप्पा म्हणाले. मी बाहेर येऊन सवयीने हनुवटी वर करायला निघाले, तर त्यांनी मला कॅमेऱ्याशी ढकललं. "जिने बिघडवला तिने निस्तरायचा. पदर मी सारखे करतंय." बायकांमध्ये हा हास्यकल्लोळ! आप्पांनी खरंच कुणाच्या पदराला हात लावला नाही, पण 'मान सरळ', 'हसू नको', 'हास गो थोडी' करत बसले. बाविसही फोटो मी काढले. पहिले दोन हलले, ते परत काढले.

(पुढे मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि तेव्हा वाचलं की त्या जर्मन माणसाने म्हणे इंग्रजी भिंगावरून काही उचललं नव्हतं, तो आपल्याच जुन्या भिंगांत सुधारणा करत तिथे पोचला. म्हणजे आप्पांची वंशावळ चुकीची. सांगायला आप्पा राहिले नव्हते. असते तरी मी सांगितलं नसतं. आता नातवाच्या फोनमागच्या शेंगदाण्याएवढ्या भिंगात सहा-सात काचा, त्याही प्लॅस्टिकच्या. बघून मला पहिल्यांदा त्यांचीच आठवण आली.)

दुपारी उन्हात प्रिंट वाळत घातले. एकेकीने येऊन आपला शोधला. सुनंदाबाईने आपला उचलला, नाकावर बोट ठेवून मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "एकच असा." मग तो उन्हाकडे वळवून धरला. "मी अशी दिसतंय? बरी दिसतंय की गो!" तिच्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला पुन्हा रडू आलं. आईने सगळ्यांना सोलकढी दिली आणि परतीचा ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला.

खाणीच्या नियमाप्रमाणे प्रत्येक फोटोच्या मागे तो काढणाऱ्याची सही लागायची. आप्पांनी गठ्ठा पालथा घातला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही कर."

"माझी?"

"फोटो कोणी काढले?"

मी तोवर कशावरच सही केली नव्हती. कशी करायची असते तेही माहीत नव्हतं. पहिल्या फोटोमागे मी शाळेतल्यासारखं पूर्ण नाव लिहिलं, चौथ्यामागे आडनाव आखडलं, नवव्याला शेवटी एक रेघ ओढून बघितली, ती बरी दिसली म्हणून ठेवली. बायका ट्रकमध्ये चढत होत्या, आप्पा एकेक फोटो फुंकर घालून वाळवत होते. बाविसाव्या फोटोमागे जी सही झाली, तीच मी आजही बँकेत करते.